नमुना आणि डोंगर : युरेनियमच्या शोधाची पहिली पायरी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, ते आम्हाला भूगोल शिकवीत. नकाशात रंग भरण्याची आम्हा मुलांना कोण घाई! पण गुरुजींचा दंडक असा, की आधी सूची लिहायची, कोणता रंग कशासाठी ते सांगायचे, आणि मगच रंगपेटी उघडायची. सूची नसलेला नकाशा कितीही सुबक असो, ते त्यावर लाल शाईने एक आडवी रेघ मारीत. पुढे माझे सारे आयुष्य नकाशे करण्यात आणि दगड फोडण्यात गेले. तेव्हा गुरुजींच्या स्मृतीला शोभेल असा विषय निवडताना मला फारसा विचार करावा लागला नाही. जमिनीखालचे युरेनियम शोधण्याच्या अगदी पहिल्या टप्प्यात काय करतात, आणि त्या टप्प्यावर गोळा केलेल्या दगडांवर किती विश्वास ठेवावा, याविषयी आज मी बोलणार आहे.

कापडाच्या आणि हिऱ्यांच्या या शहरात हा विषय कोठून आला, असे कोणाच्या मनात आले असेल. तो मी बाहेरून आणलेला नाही. स्वतंत्र भारतात युरेनियमचा पद्धतशीर शोध ज्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, ते दाराशा नौशेरवान वाडिया १८८३ साली या सुरतेत जन्मले. जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध वाडिया कुळातले ते. बालपणीच कुटुंब बडोद्याला गेले आणि त्यांचे शिक्षण तेथे झाले. १९०७ पासून ते जम्मूच्या कॉलेजात शिकवीत होते, आणि मास्तरकी करता करताच त्यांनी भारताच्या भूविज्ञानावरचा तो ग्रंथ लिहिला, जो १९१९ साली प्रसिद्ध झाला आणि ज्यावर आमच्यासारख्यांच्या पिढ्या वाढल्या. १९२१ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात गेले. हिमालयाच्या रांगा नंगा पर्वताभोवती एकदम वळण का घेतात, याचा उलगडा हे त्यांचे सर्वांत मोठे काम. १९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९४९ मध्ये, दुर्मिळ खनिजांच्या शोधासाठी एक लहानसे पथक उभे राहिले. त्याची धुरा वाडियांकडे आली. तेव्हा त्यांचे वय पासष्टीच्या पुढे होते. ज्या वयात आपण नातवंडांना बागेत नेतो, त्या वयात हा गृहस्थ तरुण भूशास्त्रज्ञांना रानात कसे हिंडावे ते शिकवीत होता. त्या पथकाचा पुढे विस्तार झाला, नावे बदलली, आणि आज ते अणुखनिज संचालनालय म्हणून हैदराबादेहून काम करते. सिंहभूमच्या तांब्याच्या पट्ट्यात जादूगोड्याचा साठा १९५१ साली सापडला. त्याच्या उत्खननासाठी युरेनियम कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी १९६७ मध्ये निघाली.

या साऱ्याचा आपल्या घरातल्या दिव्याशीही संबंध आहे. आपल्या तापीवरच्या काकरापारच्या अणुवीजकेंद्रात २२० मेगावॉटची पहिली भट्टी १९९३ साली आणि दुसरी १९९५ साली व्यापारी तत्त्वावर चालू झाली. ७०० मेगावॉटच्या दोन मोठ्या भट्ट्या २०२३ आणि २०२४ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या. २२० मेगावॉटच्या एका भट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत इंधनाच्या १२ जुड्या, म्हणजे एकंदर ३,६७२ जुड्या. एक जुडी साधारण हातभर लांब, पण उचलायला गेलात तर पंधरा किलोच्या आसपास भरेल. हे इंधन नैसर्गिक युरेनियमचे असते. २००८ च्या आंतरराष्ट्रीय करारांनंतर भारताने रशिया, कझाकस्तान, कॅनडा अशा देशांतूनही युरेनियम घेतले. परंतु खनिज इथले असो की तिथले, कोणीतरी कधीतरी पाठीवर पिशवी टाकून, हातात हातोडा घेऊन उजाड माळावर पहिला दगड फोडलेला असतो. माझे बोलणे त्या माणसाविषयी आहे.

युरेनियम ही वस्तू दुर्मिळ आहे, असा एक समज आहे. वस्तुतः ते थोडेथोडे सर्वत्र असते. भूकवचाच्या दशलक्ष भागांत सरासरी तीनएक भाग युरेनियम असते. ग्रॅनाइटमध्ये थोडे अधिक, आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये एका भागाहूनही कमी. समुद्राच्या पाण्यातही ते आहे. प्रश्न ते एका जागी गोळा होण्याचा. जादूगोड्याच्या खनिजात ते शेकडा ०.०६ च्या आसपास भरते, म्हणजे एक टन दगड फोडून दळून धुतला तर हाती सहाएकशे ग्रॅम पडतात. आंध्रातल्या तुम्मलपल्लेचे खनिज याहूनही हलके. उलट कॅनडातल्या सिगार लेकसारख्या खाणीत शेकडा दहाच्या वर प्रमाण मिळते. आपल्या देशातला शोध हा असा गरिबाघरचा शोध आहे, आणि गरिबाला मोजमाप अधिक काटेकोर ठेवावे लागते.

गोळा होण्याची तऱ्हाही मोठी गमतीची आहे. हवेचा संपर्क असलेल्या पाण्यात युरेनियम सहज विरघळते आणि पाण्याबरोबर खडकांच्या फटींतून वाटचाल करते. वाटेत कुजलेल्या वनस्पतींचे थर किंवा लोहमाक्षिकासारखे खनिज भेटले, की प्राणवायू हिरावला जातो आणि युरेनियम तेथेच बसते. मेघालयातल्या दोमियासियातचा साठा असा वालुकाश्मात बसला आहे. आपल्या मराठी मुलखाला लागून असलेले उदाहरण हवे तर बेळगाव जिल्ह्यातले देशनूर घ्या. दख्खनच्या लाव्ह्याची काळी चादर बेळगावच्या आसपास विरते आणि खालचे पुरातन खडक उघडे पडतात. तेथे जुन्या झिजलेल्या खडकांवर नंतरचा वालुकाश्म येऊन बसला आहे, आणि त्या दोहोंच्या सांध्यालगत अणुखनिज संचालनालयाच्या भूशास्त्रज्ञांना युरेनियम आढळले. महाराष्ट्राचा बहुतेक भाग या काळ्या चादरीखाली आहे. म्हणून आपल्या सह्याद्रीत आमचे यंत्र घेऊन हिंडणारा माणूस दिवसभर घाम गाळतो आणि संध्याकाळी त्याच्या वहीत एकसारखे क्षुल्लक आकडे असतात.

ते यंत्र म्हणजे गायगर गणक, आणि अलीकडे त्याच्या जागी आलेला सिंटिलोमीटर. किरणोत्सर्गी खडकाजवळ ते टकटक करू लागते. चित्रपटात टकटक वाढली, की नायक टोपी हवेत फेकतो. प्रत्यक्षात आमचा शहाणा भूशास्त्रज्ञ टोपी घट्ट धरून खाली बसतो आणि विचार करू लागतो, की हे यंत्र मला नेमके काय सांगते आहे?

विद्यार्थिमित्रांनो, येथे जरा थांबू या, कारण पुढचे सारे यावर अवलंबून आहे. युरेनियम स्वतः यंत्राला जवळजवळ ऐकू येत नाही. त्याचा अणू फुटत फुटत पिढ्यामागून पिढ्या दुसऱ्या मूलद्रव्यांत बदलत जातो आणि अखेर शिसे होऊन स्वस्थ बसतो. या वंशावळीत मध्ये रेडियम येते, त्याच्यापोटी रेडॉन नावाचा वायू, आणि रेडॉनच्या पुढच्या पिढ्यांत बिस्मथचा एक प्रकार. यंत्राला जे गॅमा किरण मिळतात, ते मुख्यतः या बिस्मथचे. म्हणजे आपण दारात उभे राहून पणतवाचा आवाज ऐकतो आणि घरात पणजोबा आहेत असे अनुमान करतो. घर पुष्कळ काळ बंद असेल, दहाएक लाख वर्षे कोणी आले-गेले नसेल, तर अनुमान बरोबर ठरते. परंतु पाण्याने युरेनियम धुऊन नेले आणि रेडियम मागे राहिले, तर नुसतेच पणतू ओरडतात. घरात पणजोबा नसतात. रेडियमचे अर्धायुष्य १,६०० वर्षांचे, त्यामुळे हा गोंगाट हजारो वर्षे चालू राहतो. याउलट युरेनियम नुकतेच, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने नुकतेच येऊन बसले असेल, तर पुढच्या पिढ्या अजून जन्मलेल्याच नसतात. घर भरलेले, पण निःशब्द. शिवाय थोरियम नावाचे शेजारी आहेत. त्यांचीही वंशावळ अशीच गोंगाटी. केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइटची वाळू यंत्राला नाचवते ती थोरियममुळे. आपल्या गुजरातेत छोटाउदेपूरकडचा आंबाडुंगर फ्लोरस्पारसाठी आणि विरल मृद्धातूंसाठी प्रसिद्ध आहे. त्या जातीच्या खडकांतही बहुधा थोरियमचा वाटा युरेनियमहून अधिक असतो. किरणांची ऊर्जा वेगवेगळी मोजणारी यंत्रे हा भेद दाखवितात, तरी खरा निवाडा प्रयोगशाळेत, दगडाची भुकटी करून, रासायनिक पृथक्करणानेच होतो.

म्हणून नमुना घ्यावा लागतो. आणि येथे खरी परीक्षा सुरू होते.

महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात बसणारी मंडळी या सभेत असतील. कच्च्या मालाचे पाकीट पांढऱ्या कागदावर पसरल्यावर तुम्ही काय करता? सर्वांत मोठा आणि पाणीदार खडा चिमट्याने उचलून त्यावरून साऱ्या पाकिटाचा भाव ठरवीत नाही. विकणारा तसे करावयास सांगू लागला तर तुम्ही पाकीट मिटता. ताक्याचा कोपरा पाहून शंभर ताके घेणारा व्यापारीही रिंगरोडवर फार दिवस टिकत नाही. परंतु हेच शहाणपण डोंगराच्या बाबतीत माणसे सोडून देतात. कारण डोंगर पसरून दाखविता येत नाही.

डोंगरावरून नमुना घेण्याच्या अनेक रीती आहेत. सर्वांत सोपी ही, की यंत्र जेथे जोरात वाजले, पिवळा-हिरवा डाग जेथे दिसला, तेथला दगड हातोड्याने उडवून पिशवीत टाकायचा. याला आम्ही उचल-नमुना म्हणत असू. त्याने एवढेच कळते, की या ठिकाणी हे खनिज आहे. ते किती आहे, कोठवर आहे, याविषयी तो एक अक्षर बोलत नाही, कारण तो निवडूनच घेतलेला असतो. दुसरी रीत तुकड्या-तुकड्यांची : ठरावीक अंतर ठेवून, डोळे झाकल्यासारखे, जेथे पाऊल पडेल तेथले लहान लहान कपचे एकत्र करायचे. तिसरी चराची. खडकाचा थर ज्या दिशेने पसरला असेल, तिच्या आडवा, चार बोटे रुंद आणि दोन बोटे खोल असा चर छिन्नीने खोदीत न्यायचा, आणि त्यातून निघेल ते सगळे, चांगले-वाईट न पाहता, खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर गोळा करायचे. भर उन्हात एका मीटरचा चर खोदायला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. खडक मऊ असेल तेथे छिन्नी आपोआप खोल जाते, कठीण असेल तेथे वरवर चालते. आणि खनिज बहुधा मऊ, फुटीर भागातच असते. म्हणजे मजुराचा हात जरा सैल पडला तरी नमुना नकळत श्रीमंत होतो! त्यासाठी देखरेख करणाऱ्याने चराजवळून हलता कामा नये.

मग येते चौथाई. ताडपत्रीवर जमलेला वीस किलो माल प्रयोगशाळेला पाठविता येत नाही. तो बारीक फोडायचा, शंकूसारखा ढीग करायचा, ढीग वरून दाबून सपाट करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. उरलेल्याचे पुन्हा तसेच. किराणा दुकानदार हळदीची परीक्षा अशीच करतात. प्रत्येक पिशवीत क्रमांकाची चिठ्ठी आत आणि तोच क्रमांक पिशवीवर बाहेर. वहीत जागा, खडकाचे वर्णन, यंत्राचा आकडा, आणि नमुना कोणत्या रीतीने घेतला ते. दर काही पिशव्यांमागे एक पिशवी युरेनियम नसलेल्या दगडाची, एक आधी मोजलेल्या प्रमाणाची, आणि एक त्याच नमुन्याची जुळी, अशा क्रमांक देऊन गुपचूप घुसवायच्या. प्रयोगशाळेने रिकाम्या दगडात युरेनियम दाखविले तर चूक कोठे झाली ते शोधायचे. हे सर्व कंटाळवाणे आहे. मी आपणांस त्यात काव्य आहे असे सांगणार नाही. परंतु त्या वहीतला ‘नमुना कसा घेतला’ हा रकाना म्हणजेच गुरुजींची सूची. तो रकाना कोरा असेल, तर पुढचे आकडे कितीही दशांशांपर्यंत दिलेले असोत, वाचणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

उचल-नमुन्याला मी कमी लेखतो असे समजू नका. कॅनडाच्या अथाबास्का खोऱ्याच्या कडेला, पॅटरसन लेकच्या परिसरात, २०११ साली शोध घेणाऱ्या दोन लहान कंपन्यांना मातीत विखुरलेले धोंडे सापडले. ते विलक्षण किरणोत्सर्गी होते. तेथे एकेकाळी हिमनद्या होत्या. हिमनदी आपल्या वाटेवरचा खडक उपटून पुढे नेऊन टाकते. तेव्हा धोंडे ज्या दिशेने आले त्या दिशेने उलट चालत जायचे, की मूळ घर सापडावे. २०१२ च्या नोव्हेंबरात वेधनयंत्र मूळ साठ्याला जाऊन भिडले. धोंड्यांनी वाट दाखविली. साठा किती आहे ते मात्र पुढच्या वर्षांतल्या गाभ्यांनी सांगितले.

आता मी स्वतः पाहिलेले सांगतो. त्या कंपनीचे नाव मी घेणार नाही. ती आता अस्तित्वातही नाही. २००५ नंतर युरेनियमचा भाव झपाट्याने चढला आणि जून २००७ मध्ये पौंडाला १३५ डॉलरच्या पलीकडे गेला. त्या दोन-तीन वर्षांत जगभर युरेनियम शोधणाऱ्या शेकडो कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. त्यांपैकी एकीत मी नामिबियाच्या वाळवंटात नोकरीला होतो. त्या देशाला युरेनियमचा इतिहास आहे : रॉसिंगचे खनिज पीटर लाव यांनी १९२८ मध्ये ओळखले, खाण सुरू व्हायला १९७६ उजाडले. मधली ४८ वर्षे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. आमच्या परवान्याच्या जागेत कोरड्या नदीपात्राच्या काठी चुनखडी कठीण झाली होती आणि तिच्या फटींत कार्नोटाइटचा पिवळाजर्द लेप दिसत असे. दिसायला फार सुंदर. मी आणि माझे दोन सहकारी यांनी महिनाभरात साठेक नमुने आणले. त्यांतले दोन-तृतीयांश आखलेल्या रेषांवर, ठरावीक अंतराने घेतलेले; उरलेले पिवळा रंग पाहून मुद्दाम उचललेले. निकाल आले. उचललेल्यांचे आकडे डोळे दिपविणारे होते, रेषांवरचे अगदी सामान्य.

मुख्य कार्यालयाने भागधारकांसाठी निवेदनाचा मसुदा केला. त्यात वरचे पाच आकडे होते, रेषांवरच्या नमुन्यांचा उल्लेख नव्हता, आणि जबाबदार भूशास्त्रज्ञ म्हणून खाली माझे नाव होते. असत्य त्यात एकही नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. ते पाच दगड खरे होते, आकडे खरे होते. मी उत्तर पाठविले, की हे नमुने निवडून घेतलेले आहेत असे एक वाक्य आणि रेषांवरच्या नमुन्यांची सरासरी, एवढे दोन्ही घातल्याशिवाय माझे नाव घालू नये. दूरध्वनीवर पुष्कळ बोलणे झाले. ‘हे सगळेच असे करतात,’ इथपासून ‘तुमचे करारपत्र मार्चमध्ये संपते ना?’ इथपर्यंत. अखेर निवेदन निघाले ते दुसऱ्या कोणाच्या नावाने.

माझा एक मावसभाऊ तेव्हा टोरांटोत होता. त्याने बातमी वाचली आणि मला फोन केला. कंपनीतल्या माणसाने आतली माहिती नातेवाइकाला सांगणे हा कायद्याने गुन्हा. मी त्याला इतकेच म्हणालो, की या विषयावर मला तुझ्याशी बोलता येणार नाही. त्याने माझ्या गप्प राहण्याचा अर्थ उलटा लावला आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या रकमेतून भाग घेतले. पुढे आमच्या जागेत वेधन झाले. युरेनियम निघाले; नाही असे नाही. पण पिवळा थर वीतभर जाडीचा होता आणि खाली रिकामी चुनखडी. भाव चढता राहता तर कदाचित त्याचेही काही झाले असते. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाची दुर्घटना झाली, भाव कोसळला, आणि कंपनीने परवाना सोडून दिला. मावसभाऊ मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. मीही विषय काढला नाही. आमचे बोलणे आजही चालू आहे, पण त्या वर्षावर पाय न देता.

नमुन्याशी खेळल्याने काय होते याचे टोकाचे उदाहरण सोन्यातले आहे. ब्रे-एक्स नावाच्या कॅनडियन कंपनीने इंडोनेशियातल्या बुसांग येथे प्रचंड सोने सापडल्याचे जाहीर केले. गाभ्याचा अर्धा भाग पुढच्या तपासणीसाठी जपून ठेवायचा असतो, तो न ठेवता त्यांनी सगळाच भुकटी करून पाठविला, आणि त्या भुकटीत बाहेरचे सोने मिसळले जात होते. १९९७ साली स्वतंत्र तपासणी झाली, तेव्हा तेथे सोने नाही हे उघड झाले आणि अब्जावधी डॉलर हवेत विरले. त्यानंतर कॅनडाने २००१ मध्ये असा नियम केला, की खनिजाविषयीच्या प्रत्येक जाहीर माहितीमागे नाव-गाव असलेला पात्र तज्ज्ञ उभा असला पाहिजे. ऑस्ट्रेलियात तशी संहिता १९८९ पासूनच होती. नियम चांगले आहेत. परंतु बुसांगमध्ये उघड लबाडी होती आणि ती पकडता आली. माझ्या पाच दगडांत लबाडी दाखविणे कठीण होते, आणि तसे दगड आजही जगभरच्या निवेदनांत दिसतात. २०२४ च्या जानेवारीत युरेनियमचा भाव पुन्हा १०० डॉलरच्या वर गेला होता. सभागृहातल्या ज्या तरुणांना शेअरबाजाराची आवड आहे, त्यांनी खाणकंपनीचे निवेदन वाचताना आधी हे शोधावे, की नमुना कोणी निवडला आणि किती नमुन्यांची गोष्ट सांगितलेली नाही.

आणखी एक बाजू आहे, आणि ती मला पैशांहून मोठी वाटते. डोंगराला मालक असतात. सातबाऱ्यावर नाव असो वा नसो, तेथे गुरे चारणारे, मोहाची फुले वेचणारे, झऱ्याचे पाणी पिणारे लोक असतात. त्यांना कंपनीचा अध्यक्ष भेटत नाही, मंत्री भेटत नाही. प्रथम भेटतो तो हातोडा घेतलेला माणूस. तो काय सांगतो? मी अनेकांना ‘आम्ही रस्त्याची पाहणी करतो आहोत’ असे सांगताना ऐकले आहे. कोणाला भीती वाटू नये म्हणून असे बोलतात, असे त्याचे समर्थनही केले जाते. पण तो पहिला शब्द गावात राहतो. पुढे दहा वर्षांनी जनसुनावणी होते तेव्हा अधिकाऱ्यांनी आणलेल्या कागदांवर कोणी विश्वास ठेवीत नाही, आणि मग अधिकारी म्हणतात, लोक अडाणी आहेत.

जादूगोड्याच्या आदिवासी वस्त्यांतून आरोग्याविषयी आणि गाळाच्या तलावांविषयी तक्रारी वर्षानुवर्षे आल्या आहेत. कंपनी आणि शासन यांनी त्यांतला खाणीशी जोडलेला संबंध नाकारला आहे. श्रीप्रकाश यांच्या १९९९ च्या माहितीपटाने तो प्रश्न देशाबाहेर नेला. मी वैद्यकातला तज्ज्ञ नाही, निवाडा करणार नाही. मात्र खाण उघडण्यापूर्वीचे, अगदी पहिल्या शोधाच्या वेळचे, विहिरींच्या पाण्याचे आणि घरांतल्या हवेचे आकडे काळजीपूर्वक घेऊन जाहीर केलेले असले, की असे वाद सोडविणे पुष्कळ सोपे जाते. म्हणून माझ्या मते दगडाच्या पहिल्या पिशवीबरोबर विहिरीच्या पाण्याची पहिली बाटली भरली पाहिजे, आणि तिचा निकाल गावाच्या फळ्यावर गावाच्या भाषेत लागला पाहिजे. दोमियासियातला खासी समाजात जमीन कुळांच्या आणि व्यक्तींच्या मालकीची असते. तेथे स्पेलिटी लिंगदोह लांगरिन या वृद्ध बाईंनी युरेनियमसाठी आपली जमीन भाडेपट्ट्याने देण्यास नकार दिला, आणि २०२० साली निधन होईपर्यंत तो बदलला नाही. भूशास्त्रज्ञ म्हणून मला तो साठा तेथे पडून असल्याची हळहळ वाटते. त्यांना नाही म्हणण्याचा अधिकार होता, याविषयी मला शंका नाही. तेलंगणाच्या विधानसभेने सप्टेंबर २०१९ मध्ये नल्लमल्लाच्या जंगलात युरेनियमचे उत्खनन होऊ नये असा ठराव केला. तेथेही वाद पेटला होता तो खाणीवरून नव्हे. खाण अजून कागदावरही नव्हती. शोधासाठी पाडायच्या बोअरवरून तो पेटला होता.

आता विद्यार्थ्यांनी काल मुख्याध्यापकांकडे लिहून दिलेल्या प्रश्नांपैकी दोन घेतो.

एकाने विचारले आहे, युरेनियमचा दगड हातात घेतला तर काय होईल? खनिजाचा लहान तुकडा क्षणभर हाताळल्याने काही होत नाही. खरा धोका धुळीचा आणि रेडॉनचा. ते श्वासातून आत जातात. म्हणून आम्ही दगड फोडताना वाऱ्याकडे पाठ करतो, तोंडावर पट्टी बांधतो, हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवत नाही, आणि नमुने झोपायच्या खोलीत ठेवीत नाही. काम झालेले बोअर सिमेंटने बुजवतो. निदान बुजवले पाहिजेत.

दुसरा प्रश्न इयत्ता सातवीतल्या एका मुलीचा आहे : आपल्या सुरतेखाली युरेनियम आहे का? मुली, थोडेसे आहेच, जसे सर्वत्र असते. आपल्या पायांखाली तापीचा गाळ आहे, त्याखाली समुद्राने आणि नद्यांनी साचविलेले थर, आणि त्याखाली तोच काळा लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या लाव्ह्यात युरेनियम फार थोडे. गाळात कोठे ते बसले असेल का, हे बोलण्याने ठरणार नाही. त्यासाठी ठरावीक अंतरावर बोअर घ्यावे लागतील आणि बहुतेक पिशव्यांवर ‘काही नाही’ असे लिहावे लागेल. ते लिहिण्याची तुझी तयारी असेल तर दहावीनंतर मला भेट. शाळेच्या कार्यालयात माझा पत्ता ठेवला आहे.